‘आर्ट’, ‘कला’ आणि दंडार

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या फलकांवर ‘कला, वाणिज्य व विज्ञान’ ही त्रयी दिसते. तेथील ‘कला’ या शब्दाचा चित्र, नृत्य वा नाट्याशी संबंध नसतो. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी हे त्या शाखेचे विषय. हा अर्थ संस्कृत परंपरेतून आलेला नाही. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क, भूमिती, संगीत अशा सात विद्या लॅटिन ‘आर्स’च्या छत्राखाली होत्या; इंग्रजी विद्यापीठांनी तो वारसा ‘आर्ट्स’ म्हणून जपला आणि वसाहतकाळात तो इकडे आला. शब्द संस्कृत, आशय लॅटिन. विद्यार्थी ‘आर्ट्सला आहे’ असे म्हणतात ते कुळाच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक होय.

‘आर्स’ म्हणजे मुळात कौशल्य. फ्लॉरेन्समध्ये लोकर-व्यावसायिकांच्या आणि सराफांच्या संघांनाही ‘आर्ते’ हेच नाव होते. पुढे बात्योसारख्या फ्रेंच मीमांसकाने (१७४६) ललित कलांचा वेगळा गट मांडला आणि उरलेली कारागिरी ठरली. जर्मनने उच्च अर्थासाठी ‘कुन्स्ट’ हा स्वतःचा शब्द राखला. लॅटिन कुळीचा ‘आर्टिस्ट’ तेथे सर्कशीतील कसरतपटूच्या वाट्याला गेला. मराठीत असेच, पण उलट्या बाजूने घडले. ‘कलावंतीण’ हा शब्द हिणकस अर्थाने वापरला जात असतानाच ‘कला’ मात्र ‘आर्ट’चा पर्याय म्हणून प्रतिष्ठित झाली.

‘कामसूत्रा’तील चौसष्ट कलांच्या यादीत गायनाच्या पंगतीला सुतारकाम आणि माळा गुंफणे आहे. ‘ललित’ हे विशेषण तेथे दाराशी उभे नव्हते. मराठीने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला ‘कळा’ हा उच्चार आज ‘अवकळा’, ‘चेहऱ्याची कळा’ अशा प्रयोगांपुरता उरला आहे. संस्था, समित्या आणि समीक्षा यांनी ‘कला’ हे तत्सम रूप उचलले व त्यात युरोपीय विभागणी भरली. त्यामुळे मोहाडी-आंधळगावचा कोसा विणणारा ‘हस्तकले’त जातो आणि दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार करणारा ‘लोककले’त. ‘हस्त’ आणि ‘लोक’ ही उपपदे निरुपद्रवी वाटतात. परंतु नुसती ‘कला’ कोणाची, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेले असते.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडार यांचे संकलन-विवेचन केले, त्याचे मोल मोठे आहे. विद्यापीठीय समीक्षेने मात्र ही सामग्री बहुधा लोकसाहित्याच्या प्रकरणात बसवली आणि संज्ञेला हात लावला नाही. वास्तविक झाडीपट्टीपाशी स्वतःची संज्ञा आहे. तेथील एका प्रयोगप्रकाराचे नाव ‘खडी गंमत’ असे आहे. ‘कला’ करणाऱ्याच्या कौशल्याकडे पाहते. ‘गंमत’ प्रयोग आणि जमलेला गाव यांच्यामध्ये जे घडते त्याला नाव देते. फडके-खांडेकर वादात दोन्ही पक्षांनी ‘कला’ हा शब्द ‘आर्ट’च्याच अर्थाने गृहीत धरला होता. फडक्यांपाशी ‘रंजन’ होते खरे, पण ते कादंबरी हाती घेतलेल्या एकट्या वाचकाचे. रात्रभर पाहणाऱ्या, मधूनच नटाला उत्तर देणाऱ्या प्रेक्षकासाठी त्या वादात जागाच नव्हती, आणि ‘लोककला’ म्हणून ती नंतरही झाली नाही.