वांगी रंग नसलेलं वांगं

साडीच्या दुकानात 'वांगी रंग' म्हटलं की दुकानदार डोळे मिटून जांभळ्या घड्या पुढ्यात टाकतो. मोबाइलच्या इमोजींमधलं वांगंही जांभळंच. जळगावच्या बाजारात मात्र हिवाळा लागला की ढीग लागतात ते फिकट हिरव्या, हातात मावणार नाहीत अशा वांग्यांचे. अंगावर पांढऱ्या रेघा. त्यातही यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्याचं नाव मोठं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण खान्देशातल्या माणसाला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या भाचीने 'क्रिटा' या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं हे चित्र असल्याच एका वांग्याचं आहे. जळगावहून तिने ते मला धुळ्याला पाठवलं, तेव्हा मी विचारलं, "दुधी का गं?"

"मामा, भरताचं वांगं आहे ते. देठ बघा ना!"

देठ बघितला आणि चित्र तिथूनच वाचायला हवं हे कळलं. देठाच्या टोपीवर बारीक काटे आहेत, आणि प्रत्येक काटा जरासा वेडावाकडा आहे. क्रिटात हाताचा कंप पुसून रेघ गुळगुळीत करणारी सोय असते. फळाची कड तिने त्या सोयीने ओढली. काट्यांपाशी आल्यावर ती बंद केली. त्यामुळे कडेवरून नजर घसरत येते आणि देठाशी अडकते. भाजी चिरताना बोटाला तो काटा टोचलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. एक बाजू काढली की दुसरी आपोआप उमटवणारा आरसाही सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो तिने वापरला नाही. वांगं डावीकडे कललंय, पोट एका अंगाला सुटलंय, चांगलं जेवून लोडाला टेकलेल्या पाहुण्यासारखं.

रंगाकडे वळलं की खरी करामत दिसते. नवशिक्या माणूस बादलीचं चिन्ह दाबतो आणि आख्ख्या आकारात एकच हिरवा ओततो. इथे देठाखालचा हिरवा पोपटीकडे झुकतो, मधल्या फुगवट्यावर तो दुधाळ होतो, आणि पांढऱ्या रेघा कडेजवळ येताना एकमेकींच्या जवळ सरकतात. या रेघांनीच गोलाई आणली आहे. त्या झाकून पाहिलं तर वांगं कागदी कात्रणासारखं चपटं दिसतं. चकाकीसाठी बहुतेक जण पांढऱ्याचा एक गोल ठिपका ठेवून मोकळे होतात. इथे चकाकी लांबट आहे आणि तिला मधे दोन आडव्या काळपट चिरा आहेत. ते ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज.

सावली वेगळ्या थरावर आहे. त्या थराला 'मल्टिप्लाय' लावलंय, म्हणजे खालच्या रंगात वरचा मिसळून दोन्ही गडद होतात. इथे काळा वापरला असता तर हिरव्याची राख झाली असती. तिने निळसर जांभळा घेतला. वांग्याच्या अंगावर तो मुरून गेला, पण खालच्या वर्तमानपत्रावर पडलेल्या सावलीत उघडा पडला. वांग्यावरून हाकललेला वांगी रंग असा त्याच्या पायाशी येऊन बसलाय! तिला विचारलं तर म्हणाली, "काळा मळकट दिसत होता." ठरवून केलेलं नसेलही; चित्रात मात्र ते आहे.

वर्तमानपत्र तेवढं जमलेलं नाही. कागद तिरका पसरलाय आणि अक्षरं सरळ उभी आहेत. ती हाताने न काढता टंकून चिकटवलीत, हे लगेच कळतं.

आमच्या चाळीसगावात केकी मूस राहून गेले. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश पाडून त्यांनी टिपलेली छायाचित्रं नावाजली गेली. त्यांना वस्तू हवी तितका वेळ जागेवर ठेवता यायची. भाचीला ती चैन नव्हती. चित्राचा उजवा खालचा कोपरा पाहा: बुडाशी रेघा नाहीत, छटा नाहीत, सपाट हिरवा तसाच राहिलाय. मला आधी तो आळस वाटला. मग कळलं, की ताईने संध्याकाळी ते वांगं उचललं, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलं, सोललं आणि बाकीच्या वांग्यांबरोबर लाकडी बडगीत ठेचलं.

"अगं, आधी फोटो काढून ठेवायचास," मी म्हणालो.

"काढला होता मामा. बल्बच्या उजेडात ते पिवळं येतं."