दगड कोणाच्या दिशेने आला?
नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांविषयी

पुणे आणि चित्रपट यांचे नाते जुने आहे. ‘प्रभात’ कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली आणि तिच्या जुन्या आवारात १९६० साली चित्रपटकलेचे शिक्षण देणारी शासकीय संस्था उभी राहिली. पुण्यातून चित्रपटाकडे जाणारी वाट म्हटली की लॉ कॉलेज रस्त्यावरचे हे आवारच डोळ्यांपुढे येते. परंतु ज्यांच्या कामगिरीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, ते लेखक, दिग्दर्शक आणि अभिनेते नागराज मंजुळे या दारातून आलेले नाहीत. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे त्यांचे गाव, वडार समाज ही त्यांची जन्मभूमिका. पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी एम. ए. केले आणि पुढे तेव्हाच्या अहमदनगर येथे संज्ञापनाचा अभ्यास केला. गणेशखिंडीतील मराठीचा वर्ग ही त्यांची पहिली शाळा होय, आणि त्यांचे चित्रपट समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा कवितासंग्रह वाचकांना परिचित आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले. या आत्मकथनांनी मराठी वाचकाला गावकुसाबाहेरचे जग आतून दाखविले. तथापि, मराठी चित्रपट त्या जगाकडे बहुधा रस्त्यावरूनच पाहत राहिला. साहित्याने जे तीन दशकांपूर्वी केले ते पडद्यावर करण्याचे काम मंजुळे यांच्या वाट्यास आले. ‘फँड्री’तील कुटुंब कैकाडी समाजाचे आणि आडनावाने माने आहे. ‘उपरा’चे लेखकही माने आणि त्याच समाजातले. हा धागा आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

हा फरक किती मोठा आहे, हे कळण्यासाठी ‘प्रभात’च्याच एका चित्रपटाची आठवण करणे इष्ट ठरेल. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी संत एकनाथांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ काढला. बालगंधर्व त्यात एकनाथ झाले होते. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. अस्पृश्याच्या घरी जाऊन जेवणारा संत त्या काळात पडद्यावर दाखविणे हे धाडसच होते आणि त्याचे मोल आम्ही कमी मानीत नाही. पण त्या चित्रपटात कॅमेरा संताबरोबर चालतो. करुणा वरून खाली उतरते आणि ज्याच्या घरी संत जेवतो त्याच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला फारसे कळत नाही. मंजुळे यांनी कॅमेरा त्या घराच्या आत नेऊन ठेवला. आता पाहणारा तो आहे आणि पाहिले जाणारे आपण आहोत. त्यांच्या सर्व चांगल्या कामाचे मर्म आमच्या मते या एका बदलात आहे.

‘पिस्तुल्या’ या २०१० सालच्या लघुपटाने त्यांना पहिले राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले. शाळेत जाण्याची ओढ असलेला एक गरीब मुलगा हा त्याचा विषय. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘फँड्री’ चित्रपटगृहांत लागला. प्रेमाचा म्हणून साजरा होणारा तो दिवस या चित्रपटासाठी निवडला जावा, यात एक कडवट औचित्य होते. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जांबुवंत ऊर्फ जब्या हा शाळकरी मुलगा शालू नावाच्या सवर्ण वर्गमैत्रिणीवर मनोमन भाळला आहे. काळी चिमणी सापडली, तिची राख शालूवर टाकली, की तीही आपल्यावर प्रेम करील, असा त्याचा विश्वास आहे. वडील कचरू हे गावात पडेल ते काम करणारे आहेत. मुलीच्या लग्नासाठी त्यांना पैसा हवा आहे आणि गावातली मोकाट डुकरे पकडण्याचे काम त्यांच्याच माथी येते.

या चित्रपटात कोणीही भाषण करीत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. जत्रेत जब्या इतर मुलांसारखा नाचू लागतो आणि बापच त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती देतो. ज्या शालूने आपल्याला नाचताना पाहावे असे त्याला वाटते, तिच्यासमोर तो दिवा वाहणारा गडी होतो. बाप दुष्ट नाही. त्याला गावात राहायचे आहे आणि गावात राहण्याचा त्याला ठाऊक असलेला मार्ग हाच आहे. किशोर कदम यांनी हा बाप इतक्या संयमाने उभा केला आहे की आपल्याला त्याचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते.

डुकरे पकडण्याचा प्रसंग तर मराठी चित्रपटाच्या इतिहासात कायमचा राहील. सारा गाव तमाशा पाहायला जमला आहे, वर्गमित्र हसत आहेत, शालूही हसते आहे. डुक्कर हाती येणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. माने कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. ज्यांना या राष्ट्राने सर्वांत कमी दिले, तेच त्याच्या गीताला सर्वांत जास्त किंमत मोजून मान देतात. पुढे बांबूला उलटे टांगलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ही माणसे शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा आदींची चित्रे आहेत. ज्या शहरात १८४८ साली भिडे वाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली, त्या पुण्याच्या प्रेक्षकाला ही भिंत परकी वाटू नये. आपण महापुरुषांना भिंतीवर जागा दिली आणि काम संपले असे समजलो, हे त्या दृश्यातून कळते. ते कळण्यासाठी एक शब्दही उच्चारावा लागत नाही.

शेवटी टिंगल असह्य होऊन जब्या दगड उचलतो आणि त्यातला अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. पडदा काळा होतो. तोवर आपण गावकऱ्यांबरोबरच उभे राहून तो पाठलाग पाहत होतो, काही ठिकाणी हसलोही होतो. म्हणून तो दगड आपल्यालाच लागतो. ‘फँड्री’ला पदार्पणातील सर्वोत्तम चित्रपटाचे इंदिरा गांधी पारितोषिक आणि सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ती दोन्ही यथायोग्य होती.

मंजुळे यांच्या अभिनयाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ‘फँड्री’त ते चंक्या नावाच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या भूमिकेत आहेत. काळ्या चिमणीचे स्वप्न जब्याच्या मनात पेरणारा तोच. ‘सैराट’मध्ये ते क्रिकेट सामन्याचे समालोचन करतात. ‘नाळ’ (२०१८) हा त्यांचे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. त्यात ते दत्तक मुलाच्या बापाच्या भूमिकेत आहेत, आणि मुलाला सत्य कळल्यावर त्या बापाच्या चेहऱ्यावर येणारी अवघड शांतता त्यांनी सुरेख सांभाळली आहे. स्वतःच्या चित्रपटांत मात्र ते मध्यभागी उभे राहत नाहीत. ते बाजूला असतात, स्वप्न दाखवितात किंवा खेळाचे वर्णन करतात. लेखकाने आपल्या गोष्टीत किती जागा घ्यावी, याचे भान त्यांना आहे.

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला ‘सैराट’ घरोघरी पोहोचला. मराठी चित्रपटाला तोवर अपरिचित असलेला पैसा त्याने मिळविला आणि त्याच्या हिंदी, कन्नड, पंजाबी आवृत्त्या निघाल्या. पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या यांची ही कथा. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे संगीत, उसाचे मळे, विहिरी आणि बुलेट चालविणारी मुलगी. तिथे मंजुळे लोकप्रिय चित्रपटाची सारी साधने मोकळेपणाने वापरतात. त्यातच दलित कविता शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या कानशिलात पाटलाचा मुलगा भर वर्गात मारतो. त्यावर त्याचा बाप लाजत नाही, उलट अभिमान बाळगतो. पुढच्या हिंसेचे बी तिथेच पेरलेले आहे, पण गाण्यांच्या नादात ते आपल्या ध्यानात राहत नाही.

उत्तरार्धात दोघे हैदराबादला पळून जातात. तेथे प्रेमकथेची जागा भाडे, स्वयंपाक, कारखान्यातली नोकरी आणि संशय घेतात. परश्या आर्चीवर हात उगारतो तो प्रसंग महत्त्वाचा आहे. जातीने दबलेला माणूस पुरुष म्हणून दाबणारा होऊ शकतो, हे लेखकाने लपविले नाही. शेवट सर्वांना ठाऊक आहे. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, आर्ची चहा करते, आणि त्यानंतर पडद्यावर आवाजच उरत नाही. रक्ताची पावले उमटवीत बाहेर येणारे ते मूल रडत असते, पण त्याचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. ज्या चित्रपटाने आपल्याला इतके गाणे दिले त्याने ते शेवटी काढून घेतले.

आमचा आक्षेप येथेच आहे. पूर्वार्धाची मोहिनी इतकी जबरदस्त आहे की अनेकांनी तीच घरी नेली. लग्नाच्या वरातींत आणि सभागृहांत ‘झिंगाट’ वाजले. ज्या लग्नांत जातीबाहेरचा जावई कधीही स्वीकारला गेला नसता, तेथेही ते वाजले. याचा दोष प्रेक्षकाचा की दिग्दर्शकाचा? आमच्या मते थोडा दिग्दर्शकाचाही आहे. संथगतीची दृश्ये आणि गाण्यांचा विस्तार यांना कात्री लागली असती, तर शेवटचा आघात अधिक लोकांपर्यंत आघात म्हणून पोहोचला असता. ‘फँड्री’त ही उधळपट्टी नाही. म्हणून कलाकृती म्हणून आम्ही ‘फँड्री’ला वरचे स्थान देतो.

‘पावसाचा निबंध’ या लघुपटाने आमचे हे मत अधिक दृढ केले. शाळेने पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे आणि ज्याच्या घरात पाऊसच शिरला आहे तो मुलगा निबंध लिहू शकत नाही. एवढीच ही गोष्ट, पण दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविण्याइतकी भरीव.

४ मार्च २०२२ रोजी आलेला ‘झुंड’ मात्र आम्हाला संमिश्र वाटला. नागपुरात झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविणारे विजय बारसे हे मिशनऱ्यांनी स्थापन केलेल्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. त्यांच्या कार्यावर हा हिंदी चित्रपट आधारलेला असून अमिताभ बच्चन त्यात प्रमुख भूमिकेत आहेत. महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत हे त्यातले मध्यवर्ती चित्र प्रभावी आहे. अंकुश गेडाम आणि त्याच्या साथीदारांचे चेहरे विसरता येत नाहीत. पण चित्रपट सुमारे तीन तासांचा आहे आणि अधूनमधून तो समजावून सांगू लागतो. जे भिंतीने दाखविले ते पुन्हा तोंडाने सांगितले जाते. २०२३ सालच्या ‘घर बंदूक बिर्याणी’चे दिग्दर्शन हेमंत अवताडे यांचे, पण लेखनात आणि प्रमुख भूमिकेत मंजुळे आहेत. त्यातही प्रसंग पुष्कळ आणि पकड सैल आहे. ज्या कलावंताचे सामर्थ्य मौनात आहे, त्याने बोलण्याचा मोह टाळावा, एवढेच आम्ही नम्रपणे सुचवितो. प्रवचन करणे ज्यांचे कामच आहे, त्या आम्हा धर्मगुरूंना हा मोह पुरता परिचयाचा आहे.

आता एक प्रश्न आपल्या स्वतःच्या अंगणातला. हे चित्रपट इतरांविषयी आहेत, असे म्हणून ख्रिस्ती कुटुंबांना सुटता येणार नाही. ‘सैराट’ लागला त्याच २०१६ साली, डिसेंबर महिन्यात, भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित ख्रिस्ती बांधवांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद पाळला जातो हे उघडपणे मान्य केले. पुण्याच्या धर्मग्रामांत नगर जिल्ह्यातील खेड्यांतून आलेली कुटुंबे आहेत, तशी गोव्याची, मंगळूरची आणि तमिळनाडूची कुटुंबेही आहेत. एकाच वेदीपुढे आपण एकच भाकर घेतो. परंतु स्थळ पाहण्याची वेळ आली की “मूळचे कुठले?” हा प्रश्न हळूच विचारला जातो आणि त्या प्रश्नात काय दडले आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही. बाप्तिस्म्याने मिळालेले नाव पुरेसे मानले जात नाही. तलवार न उपसताही माणसाला घराबाहेर ठेवता येते. लग्नाला न जाणे, सुनेच्या हातचा चहा न घेणे, नातवाचा फोटो भिंतीवर न लावणे, या आपल्या ओळखीच्या रीती आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. युवकांच्या मेळाव्यात एखाद्या संध्याकाळी ‘फँड्री’ दाखवावा आणि त्या वेळी आईवडिलांनाही बोलवावे. ‘सैराट’ बहुतेकांनी पाहिलाच आहे. त्याचा उत्तरार्ध पुन्हा पाहावा, गाण्यांवाचून. आणि ‘फँड्री’तला तो दगड येऊन पडदा काळा झाला की दिवे लावण्याची घाई करू नये. दोन मिनिटे अंधारात बसावे. मग मुलांना पहिल्याने बोलू द्यावे, आणि ती आपल्या घराविषयी काही विचारू लागली तर त्यांना गप्प करू नये.