गाडगेबाबांच्या कीर्तनातील साधेपणा : सामर्थ्य आणि मर्यादा

संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाविषयी लिहिताना 'साधी, सोपी, रसाळ भाषा' असा शेरा मारून पुढे जाण्याची प्रथा पडली आहे. हा साधेपणा बाबांच्या निरक्षरतेतून आला, असेही गृहीत धरले जाते. वस्तुतः तो निवडीचा परिणाम होय. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी आणि पौराणिक आख्यान बाबांनी बाजूस सारले. तुकोबा, कबीर यांची वचने तेवढी ठेवली. विषयही मोजकेच : कर्ज काढून लग्ने करू नका, देवापुढे पशू मारू नका, दारू सोडा, मुलांना शाळेत घाला.

या कीर्तनाचे खरे बळ प्रश्नांत आहे. १९५६ मधील वांद्रे येथील कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणात ते स्पष्ट जाणवते. बाबा निष्कर्ष क्वचितच स्वतः सांगतात. वऱ्हाडीत लहान लहान प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेतात. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर नाकारणे श्रोत्याला जड जाते. कीर्तनापूर्वी गाव झाडणारा खराटा हाही त्याच संवादाचा भाग मानला पाहिजे. प्रमाण मराठीत उतरवलेल्या संक्षेपांतून आणि दशसूत्रीच्या फलकांवरून नेमके हे प्रश्नच गळतात. उरतो तो कोरडा उपदेश.

तथापि या पद्धतीची मर्यादा फारशी तपासली जात नाही. मामांची जमीन सावकाराने बळकावल्याची हकिगत बाबांच्या चरित्रांत येते. म्हणजे कर्जाचे मूळ केवळ लग्नातील उधळपट्टीत नाही, हे त्यांनी घरातच पाहिले होते. कीर्तनात सावकार येतोही. परंतु उपाय मात्र ऋणकोपाशीच थांबतो. याउलट महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात सारा, सरकारी कामगार, कज्जेदलाली आणि धर्मविधींचा खर्च यांची साखळी उलगडली. त्यासाठी त्यांना लांबच लांब वाक्ये लागली. फुले यांनी या ग्रंथाचे जाहीर वाचन केले होते हे खरे. पण ऐकणाऱ्याने घरी जाऊन जशीच्या तशी सांगावी, अशी ती मांडणी नव्हे.

बाबांच्या श्रोत्याला लग्नासाठी कर्ज काढू नये, हे घरी सांगता येत असे. पीक बुडालेल्या वर्षी बियाण्यासाठी काढावे लागणारे कर्ज मात्र त्या प्रश्नोत्तरात सहजी बसत नाही.