लंडनहून झालेलें मराठी ध्वनिक्षेपण : संहितेचा प्रश्न

ता. १ मार्च १९४२ हा दिवस रविवार. शके १८६३ च्या फाल्गुनांतील शुक्लपक्ष चालू होता. सिंगापूर पडून पंधरवडा झाला होता, जपानी सैन्य जावा बेटावर उतरत होतें, आणि रंगून पडण्यास आठवडाच उरला होता. याच दिवशीं लंडनच्या बी. बी. सी.नें मराठी ध्वनिक्षेपणास आरंभ केला. हिंदुस्थानी भाषेचें ध्वनिक्षेपण १९४० च्या मे महिन्यांत सुरू झालें होतें. तमिळ व बंगाली त्यामागून १९४१ मध्यें आल्या. मराठी व गुजराती यांचा आरंभ एकाच दिवशींचा. मध्यंतरीं १९४४ मध्यें कांहीं महिन्यांचा खंड सोडल्यास ही मराठी वाणी १९५८ च्या नाताळापर्यंत टिकली. इतक्या दीर्घ व्यवहाराचा विचार आपल्याकडे संशोधनाच्या दृष्टीनें झालेला नाहीं, आणि जो इंग्रजींत झाला आहे त्याविषयींच प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे.

जॉर्ज ऑर्वेल हे इंग्रज ग्रंथकार ऑगस्ट १९४१ पासून नोव्हेंबर १९४३ पर्यंत या संस्थेच्या पूर्वविभागांत नोकरीस होते. त्यांचा जन्म मोतीहारीचा, तरुणपणची चाकरी ब्रह्मदेशच्या पोलीसखात्यांतली; मराठी त्यांस येत नव्हती. आठवड्याच्या बातमीपत्राचा इंग्रजी मसुदा ते लिहीत, आणि मराठी, गुजराती, बंगाली व तमिळ जाणणारे लोक त्याचें भाषांतर करून तें वाचीत. हे इंग्रजी कागद डब्ल्यू. जे. वेस्ट यांनीं १९८५ मध्यें दोन ग्रंथांत छापले. पुढें पीटर डेव्हिसन यांनीं १९९८ च्या वीस खंडांच्या समग्र आवृत्तींत ते तपासून पुन्हां मांडले. वेस्ट यांनीं जीं पत्रें ऑर्वेल यांच्या तोंडचीं समजलीं, त्यांतील आरंभींचीं पुष्कळशीं दुसऱ्यांनींच वाचलीं होतीं. ऑर्वेल स्वतः आपल्या नांवानें वाचूं लागले ते १९४२ च्या नोव्हेंबरांत. ही दुरुस्ती डेव्हिसन यांची, आणि ती थोर संपादकास शोभेल अशीच आहे. लेखक कोण आणि वाचक कोण, हा भेद आपण पोथ्यांच्या पुष्पिकांत नित्य करतों. लिपिकारास कर्ता मानण्याची चूक आपल्याकडेही थोड्या का पंडितांनीं केली आहे!

परंतु जी दक्षता डेव्हिसन इंग्रजी पत्रांविषयीं दाखवितात, ती देशी भाषांच्या पत्रांशीं येतांच पातळ होते. मराठी पत्राची नोंद म्हणजे तारीख आणि ‘हें ऑर्वेल यांनीं लिहिलें’ असा निर्णय. दोन्ही आवृत्त्यांत मराठीची एक ओळ छापलेली नाहीं. येथें आक्षेप असा कीं, कोल्हापुरांत, साताऱ्यांत वा आमच्या माकणीच्या बाजूस (हें गांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें) ज्या कोणाच्या कानीं हा आवाज पडला असेल, त्यानें ऐकलें तें ऑर्वेल यांचें वाक्य नव्हे. इंग्रजी मसुदा हें मूळ खरें. पण मराठी श्रोत्याच्या दृष्टीनें ती केवळ आदर्श प्रत. संहिता म्हणावयाची ती मराठीच.

हा वाद शब्दच्छल नव्हे, हें एका उदाहरणानें ध्यानीं येईल. मराठी पत्रें सुरू होऊन महिना झाला नाहीं तोंच सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीस पोंचले, आणि एप्रिलच्या मध्याच्या आधींच रिकाम्या हातानें परतले. त्या दौऱ्यावर ऑर्वेल यांनीं इंग्रजी पत्रांत सविस्तर लिहिलें आहे. देऊं केलेली वस्तु होती युद्धोत्तर ‘डोमिनियन स्टेटस’. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत यास ‘वसाहतीचें स्वराज्य’ म्हणत. आतां लंडनच्या मराठी निवेदकानें काय म्हटलें असावें? ‘वसाहतीचें स्वराज्य’ म्हटल्यास त्यांतील ‘वसाहत’ श्रोत्याच्या कानांत खुपणार; नुसतें ‘स्वराज्य’ म्हटल्यास टिळकांचा शब्द सरकारच्या मुखीं जाणार; ‘स्वातंत्र्य’ म्हटल्यास मूळाहून अधिक देऊन बसणार. इंग्रजी मसुद्यांत हा पेंच मुळींच नाहीं. तो केवळ भाषांतरकाराच्या लेखणीपुढें उभा राहिला, आणि त्यानें तो कसा सोडविला यांतच त्या पत्राचें खरें राजकारण होतें.

शिवाय हा निर्णय एकट्याच्या इच्छेचा नव्हता. प्रत्येक पत्रास सुरक्षितता व धोरण या दोन्ही दृष्टींनीं मंजुरीचा शिक्का लागे, आणि वाचन चालू असतां ठरल्या मजकुराबाहेर कोणी गेल्यास ध्वनिक्षेपण तोडण्यासाठीं दुसरा मनुष्य कळीवर हात ठेवून बसे. शिक्का असलेला इंग्रजी कागद परवानगी कशास होती तेवढें सांगतो.

या कामांतील एक नांव तरी आपण विसरूं नये. वेणू चितळे, जन्म १९१२, कोल्हापूरकडील शिरोळच्या. पूर्वविभागांत त्या ऑर्वेल यांच्या सहकारी होत्या. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद व ऑर्वेल यांच्यासमवेत बसलेल्या त्यांचें १९४२ मधील छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याखालीं इतरांचीं नांवें वाचून बाईंचें नांव न वाचणारेही पुष्कळच. पुढें स्वदेशीं परतल्यावर १९५० मध्यें त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी निघाली.

त्याच आकाशांत दुसरीही मराठी होती. जर्मनींतून चालणाऱ्या आझाद हिंद केंद्रावरून इतर भाषांबरोबर मराठींतही बोललें जाई. आणि ऑगस्टच्या ठरावानंतर मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं चालविलेलें गुप्त काँग्रेस रेडिओ १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पकडलें जाईपर्यंत चालू होतें. पुराणांत कंसास सावध करणारी वाणी अशरीरिणी असते. तिचा वक्ता कोण हें कोणी विचारीत नाहीं. या युद्धांतील अशरीरिणी वाणी मात्र परस्परविरुद्ध बोलत होत्या, आणि तेथें वक्ता कोण हाच पहिला प्रश्न होता.

ऑर्वेल नोकरी सोडतांना म्हणाले कीं, आपला वेळ व लोकांचा पैसा या कामीं व्यर्थ जात आहे. टीकाकार हें मत उचलून सर्व देशी ध्वनिक्षेपणावर निकाल देतात. हा निकाल मसुदा लिहिणाराचा आहे, मराठी न समजणाराचा आहे. भाषांतराच्या गुणदोषांस तो लागू करणें अन्यायाचें होय.

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें आमच्या भागांतील मातीदगडांचीं घरें पाडलीं. बस्तें मातीखालीं गेलीं, तरी मागाहून एखादें पान हातीं लागे. आवाजाचें तसें होत नाहीं. म्हणून श्रोत्यांच्या रोजनिशा, वह्या, पत्रें यांत ‘लंडन ऐकलें’ एवढी नोंद असली तरी संग्राहकांनीं ती जपावी, आणि वेळ लावतांना एक सावधगिरी घ्यावी. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदी घड्याळें एक तास पुढें होतीं, म्हणजे ग्रीनिचहून साडेसहा तास. आणि १९४३ च्या उन्हाळ्यांत लंडनचें घड्याळही ग्रीनिचच्या दोन तास पुढें होतें. ग्रीनिचचा दीड वाजला असतां जुलै १९४३ मध्यें लंडनला दुपारचे साडेतीन होत आणि आपल्याकडे रात्रीचे आठ. आजच्या हिशेबानें सात धरून कोणी रोजनिशींतील नोंद चुकीची ठरविली, तर चूक रोजनिशीची नव्हे.