‘व्हेरी’ची व्युत्पत्ती आणि चॉसरचा नाइट

इंग्रजीतील ‘व्हेरी’ हे क्रियाविशेषण आज इतके झिजले आहे की, त्याला एके काळी स्वतःचा भरीव अर्थ होता याचेच विस्मरण होते. लॅटिन ‘वेरुस’, म्हणजे सत्य, हे त्याचे मूळ. त्यापासून जुन्या फ्रेंचमधील ‘वेराइ’ (आजचे ‘व्रे’) व पुढे मध्यकालीन इंग्रजीतील ‘वेराय’ ही विशेषणे आली. दोहोंचा अर्थ ‘खरा’. ‘खरा’पासून ‘खरोखर’ व ‘खरोखर’पासून ‘अतिशय’ असा त्याचा प्रवास चौदाव्या-पंधराव्या शतकांत घडला. (समानार्थी जर्मन ‘झेर’च्या मुळाशी तर वेदना आहे, अतिशयत्वासाठी भाषा कोणत्या शब्दाला राबवील याचा नेम नाही.)

चॉसर १४०० मध्ये निधन पावला, म्हणजे हे स्थित्यंतर चालू असतानाच. ‘कँटरबरी टेल्स’च्या उपोद्घातातील नाइटच्या वर्णनात हा शब्द ‘परिपूर्ण’ या अर्थाच्या विशेषणापूर्वी येतो आणि आजचा वाचक सहजच ‘अत्यंत परिपूर्ण’ असा अर्थ करून मोकळा होतो. हे वाचन ग्राह्य नव्हे. अतिशयत्व दर्शविण्यासाठी चॉसरजवळ ‘फुल’ हा शब्द तयार होता व याच उपोद्घातात त्याने तो मुक्तहस्ताने वापरला आहे. शिवाय फ्रँकलिनच्या वर्णनात एपिक्युरसचे सुखविषयक मत सांगताना हीच दोन विशेषणे पुन्हा येतात. तेथे एक नामाच्या आधी व दुसरे नामानंतर असल्याने पहिल्याने दुसऱ्याची मात्रा वाढविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काही आवृत्त्यांत त्या जागी क्रियाविशेषणाचा पाठ आहे खरा, पण त्याचाही अर्थ ‘खरोखर’ असाच होतो.

या भेदाला वाङ्मयीन महत्त्व आहे. नाइटला प्रिय असलेल्या गुणांत सत्यनिष्ठा आरंभीच सांगितलेली आहे. ‘खरा’ हे विशेषण तिच्याशीच नाते जोडते. टेरी जोन्स यांनी १९८० मध्ये हा नाइट भाडोत्री सैनिक असून त्याचे वर्णन उपरोधिक आहे, असे प्रतिपादन केले. हे मत अनेकांना मान्य नाही आणि त्यात ओढाताणही बरीच आहे. परंतु उपरोध मानावयाचा झाला तरी तो ‘खरा’ या दाव्यावरच उभा राहू शकतो, नुसत्या ‘फार’वर नव्हे.

काही आधुनिक संपादक या शब्दापुढे स्वल्पविराम देतात. तो संपादकांचा आहे, चॉसरचा नव्हे. तथापि, व्युत्पत्ती त्यांच्याच बाजूची आहे.