‘करण्यात आली’चा कर्ता कोण?

पिंपरी-चिंचवडच्या स्थानिक पानांवर मला सगळ्यात जास्त खटकतं ते एक क्रियापद : ‘करण्यात आली’. कारवाई करण्यात आली, निविदा मंजूर करण्यात आली. कोणी केली, हे वाक्यात नसतंच.

17 मे 2025 ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही टिकला होता. पाडकामाच्या बातम्या भरभरून आल्या. पण बंगले काही एका रात्रीत उगवत नाहीत. पाया खणला जात होता तेव्हा बीट निरीक्षक कुठे होता? पूररेषेतल्या जमिनीचे तुकडे विकले कोणी, त्यांची नोंदणी झाली कशी? मी वाचलेल्या बातम्यांत हे प्रश्न दोन-चार दिवस तगतात, मग पान पुढच्या प्रेसनोटकडे वळतं.

खड्डे आणि दिवसाआड पाणी यांवर ही पानं नेटाने लिहितात, हे मान्य. पण मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं इथे नगरसेवकच नव्हते. आयुक्त तेच प्रशासक. प्रस्ताव त्यांच्याच यंत्रणेचा, मंजुरीही त्यांचीच. सभागृहात विचारणारं कोणी नसताना ती जबाबदारी बातमीदारावर येते. ती प्रेसनोट छापून भागत नाही.

मला वाचायची आहे ती एकच बातमी : त्या 36 बंगल्यांची, पहिल्या विटेपासून शेवटच्या जेसीबीपर्यंत, तारीखवार. आणि प्रत्येक वाक्याला कर्ता असलेली.