नव्वद जागा की नव्वद बग?

पेपर वाचताना आधी आकडा डोळ्यांत भरतो, आणि बऱ्याचदा तिथेच आपण फसतो. एमएस्सीच्या सेमिनारला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "लिनक्स कर्नलमध्ये ९० बग सापडले." मॅडमनी एवढंच विचारलं, "बग, की जागा?" उत्तर येईना. सांगलीहून साताऱ्याला एसटीत परत येताना पेपर पुन्हा उघडला. आज त्याच्याबद्दलच.

पेंगफेई वांग, येन्स क्रिंके आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१७ च्या युजेनिक्स सिक्युरिटी परिषदेतला. विषय आहे डबल फेच. युजर प्रोग्रामने दिलेला पॉइंटर कर्नल थेट वापरत नाही. पत्ता युजरच्याच मेमरीतला आहे ना हे तपासून कॉपी_फ्रॉम_यूजर या फंक्शनने डेटा स्वतःकडे आणतो. इथपर्यंत ठीक. पण संदेश किती मोठा आहे हे आधी माहीत नसतं. मग ड्रायव्हर काय करतो? आधी फक्त हेडर आणतो, त्यातली साइझ वाचतो, तेवढी जागा घेतो आणि मग हेडरसकट सगळा संदेश पुन्हा आणतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात नमुना बघून हळदीचा भाव ठरला आणि पोतं उचलायच्या आधी कुणी ते बदललं, तर? इथे पोतं बदलतो तो त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड. पहिल्या वेळी साइझ छोटी होती, दुसऱ्या वेळी मोठी आली. कर्नलने पुढे दुसरी साइझ वापरली, की तो घेतलेल्या जागेच्या बाहेर जातो. लक्षात घ्या, दोन्ही वेळा पत्ता बरोबरच होता. तपासणी चुकली नाही, तपासलेली वस्तू बदलली.

आता आकडे. ९० म्हणजे कर्नल एकच डेटा दोनदा आणतो अशा जागा. त्यातल्या ५७ ड्रायव्हरमधल्या. दुसरं वाचन नुसतं झालं म्हणून काही बिघडत नाही. दुसऱ्यांदा आलेली किंमत पहिलीशी न जुळवता वापरली तर बिघडतं. लेखकांनी या जागा हाताने तपासल्या, तीन नमुने काढले, आणि मग कॉक्सिनेलवर आधारलेली दुसरी, नेमकी तपासणी लिनक्स, फ्रीबीएसडी आणि अँड्रॉइडवर चालवली. नवे बग निघाले ६. गैरफायदा घेता येईल असे ३.

मला या पेपरचं खरं मोल त्या ५७ मध्ये वाटतं. आधीच्या पद्धतींना कर्नल चालवून बघावा लागे, म्हणजे त्या ड्रायव्हरचं हार्डवेअर हाताशी हवं. आपल्याकडच्या लॅबमध्ये ते कुठून आणणार? सोर्स वाचून शोध घ्यायला लॅपटॉप पुरतो.

कमकुवत बाजूही तिथूनच सुरू होते. "बग म्हणजे काय" हे इथे कोडच्या नमुन्यांवरून ठरतं. नमुन्यात न बसणारा बग सुटणारच. २०१८ मध्ये आलेल्या डेडलाइन या टूलने आधी काटेकोर व्याख्या केली, मग सिम्बॉलिक पद्धतीने तपासलं. लिनक्समध्ये २३ नवे बग सापडले. त्याच शेतात दुसऱ्यांदा एवढं पीक निघतं, म्हणजे पहिली कापणी अर्धवट होती असं मी म्हणेन. शिवाय कधीकधी कंपायलरच शेअर्ड मेमरीतलं एक वाचन दोनदा करून टाकतो (झेनमध्ये २०१५ साली हे उघड झालं). सोर्समध्ये ते दिसतच नाही.

तरी सुरुवात याच पेपरने करा, डेडलाइनने नको. तिथली व्याख्या पचायला आधी उदाहरणं डोळ्यांखालून गेलेली हवीत.

आणि पेपरवर थांबू नका. लिनक्स ४.७ चा सोर्स उतरवून घ्या, एएसीरेड ड्रायव्हरमधली कॉमसीटीआरएल.सी फाइल उघडा. आयऑक्टल_सेंड_फिब या फंक्शनमध्ये कॉपी_फ्रॉम_यूजर दोनदा आहे. त्या दोन ओळींच्या मधे साइझचं काय होतं ते वहीत लिहा, मगच नंतरच्या आवृत्तीतली दुरुस्ती बघा.